तेल न पिणारे बुश

माझा सासरा माझ्या हातचं पाणी प्यायचा, पण मी घासलेल्या गडव्यातून नाही. हे सांगितलं की लोक हसतात. मला अकरा वर्षं हसू आलं नाही. मी गडवा घासायची, धुवायची, पालथा घालायची. मग ते यायचे, गडवा उचलून उजेडात धरायचे, फिरवून फिरवून बघायचे, आणि न्हाणीपाशी उकिडवे बसून चिंच आणि विटेची भुकटी घेऊन तोच गडवा पुन्हा घासायचे. घरी पाहुणा असला तर मुद्दाम अंगणात बसायचे. पाहुण्याने विचारलं तर म्हणायचे, आमची एकोडीवाली चिखलात वाढलेली, तिला चमक काय कळणार. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही आणि सूनबाई म्हणूनही नाही. एकोडीवाली, बस.

एकोडी माझं माहेर, साकोलीकडचं धानाचं गाव. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत आम्ही सगळ्या बाया गुडघाभर चिखलात वाकलेल्या असायचो, आणि त्याची मला ना तेव्हा लाज होती ना आज आहे. पण लग्न होऊन आले ती भंडाऱ्यात, पितळेची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत. तिथे सकाळपासून हातोड्यांची ठकठक. एकजण पत्रा कापतो, दुसरा ठोकतो, तिसरा जोड मारतो, आणि सगळ्यात शेवटचा हात माझ्या सासऱ्यांचा. ते भांड्याला ओप द्यायचे. बोटभर जाडीची पोलादाची गुळगुळीत सळई होती त्यांच्याकडे, तिला लाकडी मूठ. ती पितळेवर दाबून दाबून फिरवायचे, खरबरीत पत्रा आरशासारखा होईपर्यंत. त्यांनी ओप दिलेल्या गुंडात, म्हणजे पाण्याच्या हंड्यात, बघून मी स्वतः भांग पाडलेला आहे. माणूस खडूस होता, पण हात खोटा नव्हता. हे मी कबूल करते, नाहीतर पुढचं कुणाला कळायचं नाही.

माझे वडील पहिल्यांदा त्या घरी आले ते लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. नव्या तांदळाची गोणी खांद्यावर घेऊन एसटीतून उतरले आणि उन्हातून चालत आले. ओट्यावर बसले, पाणी मागितलं. मी पितळेचा गडवा भरून आणला, तर सासऱ्यांनी तो दारातच माझ्या हातातून घेतला आणि कोपऱ्यातला अॅल्युमिनियमचा ग्लास पुढे केला. गल्लीतल्या झाडूवालीसाठी ठेवलेला, काठाला चेपलेला ग्लास होता तो. वडिलांनी त्यातूनच पाणी प्यायलं. जाताना मला म्हणाले, सुखात आहेस ना बाई, आणि मी हो म्हटलं. त्यानंतर ते त्या घरी यायचं टाळतच गेले. त्या दिवशी माझ्या जिवाची जी लाही झाली ती मी कुणाला दाखवली नाही, पण ती विझलीही नाही.

मग स्टील आलं. आणीबाणी उठली त्याच्या आसपासची गोष्ट असेल. आधी ताटं आली, मग पेले, मग लग्नांत आहेरही स्टीलचा. हलकं, घासायला सोपं, चिंच नको की वीट नको. बाया खूश झाल्या, आणि मी काही वेगळी नव्हते. गल्लीतली ठकठक कमी होत होत एक दिवस पार थांबली. सासऱ्यांचे दोन भागीदार भाजीचं दुकान टाकून मोकळे झाले. हे मात्र ओट्यावर बसून राहिले. सळई फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात स्टीलचा डबा दिसला की तोंड फिरवायचे. घरात दुसरं काम नव्हतं, म्हणून माझी भांडी दिवसातून तीनदा तपासायचे.

माझ्या नवऱ्याला तेव्हा वरठीच्या रस्त्यावर, गावापासून कोसभर, एका टिनाच्या शेडमध्ये काम लागलं. नागपूरहून आलेल्या एका शिकलेल्या शेठने ती शेड टाकली होती. तिथे बुश बनायचे. बुश म्हणजे पंख्याच्या किंवा मोटारीच्या दांड्याखाली बसणारी छोटीशी नळी, अंगठ्याएवढी. दांडा तिच्यात फिरतो. पण हे बुश ओतलेले नव्हते की कातलेले नव्हते. हे भुकटीचे होते.

तांबं आणि कथील यांची पिठासारखी बारीक भुकटी डब्यांतून यायची. ती चाळायची, तोलायची आणि काळ्या ग्रॅफाइटच्या साच्यात भरायची. साच्याच्या मधोमध एक दांडी उभी असायची, म्हणजे बुशाला आरपार भोक राहावं. मग वरून खालून दट्टे बसवायचे आणि साचा नवऱ्याच्या मशीनमध्ये सरकवायचा. मशीनला भलामोठा ट्रान्सफॉर्मर आणि मनगटाएवढ्या तांब्याच्या पट्ट्या. नवरा पायाने पेडल दाबायचा आणि वीज थेट त्या भुकटीतून जायची. ना भट्टी, ना कोळसा, ना जाळ. बघता बघता साचा लाल व्हायचा. नवरा मोठ्याने सातपर्यंत मोजायचा आणि पाय उचलायचा. साचा निवल्यावर उघडला की भुकटीचा बुश तयार. मुरमुऱ्याचा लाडू असतो ना, मुरमुरे एकमेकांना चिकटलेले आणि मधे मधे पोकळी, तसाच आतून. वीज कमी पडली तर बुश हातात कुस्करायचा. जास्त झाली तर सगळं वितळून नुसता गोळा. उन्हाळी धानाच्या मोटारी सुरू झाल्या की लाइट मंदावायची, मग नवरा सातचे नऊ मोजायचा.

ती पोकळीच खरा माल होती. बुश गरम तेलात टाकला की त्या पोकळीत तेल शोषून घ्यायचा. पुढे पंखा फिरला, दांडा तापला, की तेच तेल घामासारखं बाहेर यायचं. पंख्याला वर्षानुवर्षं वरून तेल घालायला नको. शेठ म्हणायचा, आपण धातू विकत नाही, धातूतली भोकं विकतो. त्याला त्या वाक्याचं फार कौतुक होतं, येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा.

भुकटी चाळायला शेठला हलका हात हवा होता. दोन माणसं बदलून झाली, दोघंही भुकटी उधळायचे. नवऱ्याने भीत भीत माझं नाव सांगितलं. मी सातवी शिकलेली, आणि सूप तर पाचव्या वर्षापासून हातात. एक दिवस माझं चाळणं बघून शेठने मलाच ठेवलं. वर तपासणीही माझ्याकडे दिली. तपासणी सोपी होती. कडा साफ झालेला बुश आडवा धरायचा, काडीने आतल्या अंगावर तेलाचा एक थेंब सोडायचा आणि दहा मोजायचे. थेंब आत मुरला तर पास. तसाच बसून राहिला तर नापास, म्हणजे पोकळी बंद. पास झालेल्या मालापुढे वहीत खूण करायची, खाली सही. मग तेलाचा टब, मग पेटी. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला कशाचा निवाडा करायला बसवलं होतं, आणि मला ते भारी आवडलं. खोटं कशाला बोलू.

घरी सासऱ्यांनी तीन दिवस अबोला धरला. सून शेडमध्ये जाते, आणि ते मात्र ओट्यावर. चौथ्या दिवशी नवऱ्याला म्हणाले, शेठला विचार, माझ्याजोगतं काही आहे का. नवऱ्याने विचारलं. शेठला कडा साफ करायला माणूस हवाच होता, कारण साच्यातून निघताना बुशाच्या दोन्ही तोंडांना पातळ धार राहायची. असे सासरे आले. सायकल एकच होती. नवरा चालवायचा, सासरे मागे कॅरिअरवर, मी पायी. रस्त्यावर रोवण्याच्या बाया दिसल्या की म्हणायचे, जा एकोडीवाली, तुझी माणसं आली.

बुश पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. खरबरीत, मातकट, राखेत लोळल्यासारखा माल. बोटावर घासून पाहिला, वास घेतला, आणि विचारलं की हा असाच जातो का बाहेर. शेठ म्हणाला, असाच जातो. फक्त कडा मारायच्या, आतल्या अंगाला हात लावायचा नाही, चमकवायचं नाही. का, ते त्याने सांगितलं नाही. त्याला वाटलं, सांगितलं की झालं. दुपारी जेवताना सासऱ्यांनी नवऱ्याला विचारलं की शेठ ओप काहून नको म्हणतो. नवरा भाकरी तोडत म्हणाला, त्याले घाई असते. माझ्या तोंडात घास होता. उत्तर चूक आहे हे मला माहीत होतं, आणि खरं कारण एका वाक्याचं होतं. मी घास गिळला आणि पाणी प्यायले.

आता कुणी म्हणेल, सांगायचं होतंस. कुणाला सांगायचं होतं? अकरा वर्षांत त्या माणसाने मला एक प्रश्न विचारला नव्हता. भाजीत मीठ किती, हेही मुलाला विचारायचे. मी आपणहून म्हटलं असतं की मामाजी, घासू नका, बुश तेल पिणार नाही, तर चार माणसांत म्हणाले असते, एकोडीवाली आता मला धातू शिकवणार. हे मी तेव्हा मनाशी म्हटलं, आणि नंतरही हजारदा म्हटलं आहे.

दोन महिने बरे गेले. सासऱ्यांच्या हाताला कानस बसली. मग शेठ नागपूरच्या एका पंख्याच्या कारखान्यातून बातमी घेऊन आला. त्यांनी दोनशे बुश नमुन्याला मागितले होते. नमुना पसंत पडला तर कायमचं काम. शेठ सगळ्यांसमोर सासऱ्यांना म्हणाला की बाबा, हा माल पास झाला तर तुम्हाला कायम ठेवतो, तुमच्यासाठी वेगळा बाक टाकतो, मिस्त्री म्हणून. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. भाजीवाल्या झालेल्या जुन्या भागीदारांना त्यांनी ओट्यावर बोलावून चहा पाजला. त्या चहाच्या वेळी मी त्यांना हसताना पाहिलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, भंडाऱ्याचा हात पुन्हा नागपूरला जाऊन राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोनाडा रिकामा होता. फडक्यातली सळई त्यांच्या कमरेला खोचलेली होती.

शेठ त्या आठवड्यात दोन दिवस नागपूरला होता. ते दोन दिवस सासरे दुपारचं जेवलेसुद्धा नाहीत. मोठी सळई बुशाच्या भोकात जाईना, म्हणून घरातली एक बारीक सळई त्यांनी दगडावर घासून गुळगुळीत करून आणली होती. तीच आत घालून, दाबून दाबून फिरवत बसले. एक एक बुश आतून बाहेरून. भुकटीचे कण मऊ, सळईखाली ते पसरायचे आणि पोकळीवर पातळ पापुद्रा चढायचा. वरून बघाल तर सोन्याची अंगठी वाटावी. नवऱ्याची पाठ होती, आणि तसंही त्याला सात आकड्यांपलीकडे काही दिसत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी घमेलं माझ्यापुढे आणून ठेवलं.  ठेवताना क्षणभर थांबले. तसे ते कधी थांबत नसत. मी काही म्हणावं असं त्यांना वाटत होतं, हे मला कळलं. छान झालंय म्हणावं, एवढंच. मी घमेलं ओढून घेतलं.

पहिल्या बुशात थेंब सोडला. दहा मोजले. थेंब बसून राहिला, धोप्याच्या, म्हणजे अळवाच्या, पानावर पाण्याचा थेंब बसतो तसा, गोल आणि टवटवीत. वीस मोजले. दुसरा बुश घेतला, तिसरा घेतला, घमेल्याच्या तळातून एक काढला. एकही थेंब आत जाईना. सासरे सहा हातांवर त्यांच्या बाकापाशी खाली मान घालून कानस साफ करत बसले होते.

मी त्या वेळी काय विचार केला ते लपवणार नाही. मला चेपलेला ग्लास आठवला. मी बुशातला थेंब पदराने पुसून टाकला. एकेका बुशातला, जेवढे तपासले तेवढ्यातला. मग वही उघडली, दोनशेपुढे खूण केली आणि खाली सही ठोकली. घमेलं तेलाच्या टबात रिकामं केलं, तासभर मुरवून बुश बाहेर काढले, तेलाच्या कागदात गुंडाळून पेटी बंद केली. शेठ आला तेव्हा पेटीला खिळे मारून झाले होते. माझं मन इतकं हलकं झालं होतं की त्या संध्याकाळी मी पायी घरी जाताना गुणगुणत होते. या सहीचं पुढे काय होईल हा विचार मला शिवलासुद्धा नाही. रागात माझी अक्कल अशीच गहाण पडते.

तीन आठवड्यांनी पेटी परत आली. शेठ स्वतः घेऊन आला होता. नागपूरला पंखे जोडून चालवून पाहिले होते, आणि दोन दिवसांत दांडे बुशाला धरून बसले. काही तर करकचून जाम. कारखान्याच्या माणसाने त्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं की तुम्ही दागिने बनवता का. शेठ एरवी तोंडाचा गोड, पण त्या दिवशी त्याने पेटी जमिनीवर उलटी केली. दोनशे चकाकते बुश शेडभर घरंगळले. सगळे काम टाकून उभे राहिले. सासरे बाकावरून उठले आणि आधी बुश वेचायला वाकले. शेठ ओरडला, हात लावू नका.

मग शेठने मला बोलावलं. म्हणाला, बाई, तेल आणा, सगळ्यांसमोर दाखवा काय झालं ते. काही बुश पेट्रोलने धुऊन वाळवले आणि मी जमिनीवर बसले. पहिल्यात थेंब टाकला. थेंब बसून राहिला. दुसऱ्यात टाकला, तोही बसला. पाच झाले तेव्हा शेठ म्हणाला, पुरे, दिसलं. मी म्हटलं, नाही शेठ, धुतलेले सगळे पाहून घेऊ. आणि मी सगळे पाहिले. पन्नासएक असतील. प्रत्येक बुश सासऱ्यांच्या नजरेसमोर धरायची, थेंब सोडायची, मोठ्याने दहा मोजायची आणि बाजूला ठेवायची. माझा आवाज एकदाही हलला नाही. पंचविसाच्या पुढे कुणीतरी हळूच म्हणालं, आता बस करा. मी केलं नाही.

सासऱ्यांनी मधेच कोपऱ्यातला एक मातकट बुश उचलला, ओप न दिलेला. माझ्या वाटीतली काडी घेतली आणि स्वतः त्यात थेंब सोडला. थेंब बघता बघता नाहीसा झाला. त्यांनी पुन्हा सोडला, तोही गेला. म्हातारा त्या भोकात बघत राहिला.

"हे तं तेल पेते," ते म्हणाले. "मले कोनी सांगतलंच नाही."

शेठ भडकला. सांगितलं होतं की नव्हतं, आत हात लावू नका म्हणून? म्हणाला, भांडी घासायची हौस असेल तर बुढ्या, घरी जाऊन भांडी घास. कुणी हसलं नाही. मग शेठ एकदम माझ्याकडे वळला. त्याने वही मागवली, पान उघडलं, माझी सही बघितली आणि विचारलं की हा माल पास कसा झाला.

 तेव्हा कुठे मला कळलं की मी स्वतःच्याच पायाखालची फळी काढली आहे. नवऱ्याकडे बघितलं, तो जमिनीकडे बघत होता.  शेठने पुन्हा विचारलं.

"तिनं तपासले तवा ते चांगलेच होते," सासरे म्हणाले. "पास झाल्यावर म्या परत घेतले घमेल्यातून. मंग ओप देल्ला. तिले मालूम नोहतं."

शेठने वही मिटली. सासऱ्यांनी आपली सळई फडक्यात गुंडाळली आणि बाहेर पडले. कॅरिअरवर बसायला थांबले नाहीत. कोसभर उन्हातून चालत गेले. मी दिवसभर भुकटी चाळत होते आणि सुटका झाल्याच्या आनंदात होते. मला वाटलं, म्हातारा गडबडला, दिवसांचा हिशेब चुकला, आपल्याला कोणता तरी देव पावला. त्यांना काही माहीत आहे असं माझ्या डोक्यात आलं नाही. कसं येणार? मी त्यांना मूर्ख समजून चालले होते, आणि ते मला फार सुखाचं होतं.

घरी गेले तर ते ओट्यावर नव्हते, आत भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी स्वयंपाक केला, जेवणं झाली. खरकटी भांडी एरवी मी न्हाणीत न्यायची. त्या दिवशी ती सगळी गोळा केली, भाजीचा गंज, परात, ताटं, गडवा, आणि त्यांच्या उशाशी नेऊन ठेवली. चिंच ठेवली, विटेची भुकटी ठेवली. म्हटलं, "घासा, मामाजी. शेठनं सांगतलं ना." नवरा म्हणाला, अगं. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून बाहेर गेला.

सासरे उठले आणि त्यांनी भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग तो रिवाजच झाला. मी सकाळी शेडमध्ये जायच्या आधी भांडी अंगणात त्यांच्यापुढे मांडायची. मुद्दाम अंगणात. गल्लीतले लोक जाता येता बघायचे. ज्याच्या गुंडांना लग्नात मान होता तो माणूस सुनेची खरकटी काढतोय, हे सगळ्या भंडाऱ्याला दिसावं अशी माझी इच्छा होती, आणि ती पुरी झाली. जुने भागीदार आमच्या दारावरून जायचे बंद झाले. दया आली का? एकदोनदा आली. थंडीत त्यांची बोटं फुटायची, चिंच झोंबायची, ते हात झटकायचे. तेव्हा मी गरम पाण्याची बादली नेऊन ठेवली आहे. पण भांडी उचलली नाहीत.

वर्ष दीड वर्ष असं गेलं असेल. मग एके दिवशी माझे वडील आले. वय झालं होतं, डोळ्याला कमी दिसायचं. साकोलीच्या बाजाराला आले, तिथून एसटी मिळाली, म्हणून बाईला बघून जावं म्हटलं. त्या दिवशी शेडला सुट्टी होती. मी गडवा भरून आणला. सासरे अंगणातच होते, पुढ्यात भांडी. दोघांचा रामराम झाला. वडिलांनी गडवा हातात घेतला, उन्हात धरला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, किती लख्ख ठेवतेस बाई भांडी, अगदी या घरासारखी झालीस.  सासऱ्यांनी मान वर केली नाही. "हो," ते म्हणाले, "आता आली तिच्या हाताले चमक." आणि परात घासत राहिले.

वडील चहा पिऊन निघाले. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून आले आणि अंगणात उभी राहिले. मला राग आला होता, कशाचा ते कळत नव्हतं. माझ्या बापासमोर त्यांनी माझी लाज राखली, हेच मला सहन होईना. मी म्हटलं, खोटं बोलायची काही गरज नव्हती.

ते परातीवर पाणी ओतत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "थेंब बसला होता, एकोडीवाली. तू पदरानं पुसला. म्या पाह्यलं होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण मी चुकीचं ऐकलं नव्हतं. सहा हातांवर बसलेला तो माणूस त्या दुपारी कानस साफ करत नव्हता, मी त्याचं काम उजेडात धरून कशी बघते ते बघत होता. थेंब बसण्याचा अर्थ त्यांना तेव्हा कळला नव्हता. पेटी उलटी झाली आणि मी पन्नास थेंब त्यांच्या नाकासमोर मोजले, तेव्हा कळला. आणि तिथेच, शेठने वही मिटायच्या आत, ते माझ्यासाठी खोटं बोलले होते.  भांडणाला उभी राहिलेली मी, माझा आवाज खाली गेला.

"मंग शेठले सांगतलं काहून नाही?"

त्यांनी परात उजेडात धरली, फिरवली, एका जागी पुन्हा बोट फिरवलं.

"काम माहं होतं," ते म्हणाले. "बुडालं तेबी माहंच. त्यात तुहा वाटा कायले ठेवू?"

यापुढे ते त्या गोष्टीवर मरेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. ही माया होती की माझा शेवटचा पाणउतारा, हे मला आजवर कळलेलं नाही. कधी वाटतं, त्यांनी माझी भाकरी वाचवली. कधी वाटतं, त्यांच्या कामाचा निवाडा करण्याइतकी मी मोठी आहे हे त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही, माझ्या वाईटपणालासुद्धा त्यात जागा दिली नाही. दोन्ही वेळा मला सारखाच राग येतो. मी माफी मागायला हवी होती, हेही मला कळतं. त्या रात्री मी ते शब्द जुळवून ठेवले होते.

सकाळी मी भांडी नेऊन त्यांच्यापुढे ठेवली. रोजच्यापेक्षा दोन जास्त होती.